एकोणीस पन्नास

गाडी सांगलीतून सुटली तेव्हा, माईणकरबाई म्हणाल्या, शून्य सात वीस.
ट्रंक-बोर्ड भंगारात जाऊन जमाना झाला
तरी त्यांची वेळ अजून ड्यूटीवरच असते.
आम्ही अकरा जणी.
एकमेकींना आधी आवाजावरून ओळखणाऱ्या;
चेहरे नीट पाहिले ते नंतर, केस पांढरे झाल्यावर.

वसगड्याच्या पुढं बागा लागल्या,
घडाघडाला वर्तमानपत्र गुंडाळलेलं.
रोझमेरी भंडारे गाडी थांबवून उतरली,
वेलाखाली वाकून एक घड वाचून आली:
वधू पाहिजे, उंची पाच फूट दोन.
आणि त्याच्या आत, म्हणाली, माल अजून आंबट आहे.

पलूसला वायनरी. स्टीलच्या उंच टाक्या,
गारवा, आणि ताकाच्या डेऱ्यासारखा
कुणीतरी आत श्वास घेतंय असा आंबूस वास.
समजावायला ऋतुराज नावाचं पोरगं, मिशी नुकती फुटलेली.
ग्लास कलता धरा आजी, फिरवा,
आधी वास, मग घोट, गिळायची घाई नको.
काय जाणवतं ते सांगा.
कुणी म्हणालं, खोकल्याचं औषध.
कुणी म्हणालं, जांभूळ, पण रुसलेलं.
विजयमाला आवटी पीत नाही, जैनाच्या घरची.
तिनं नुसता ग्लास नाकाशी नेला
आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.
"एप्रिलातली दुपारपाळी," ती म्हणाली,
"कूलरचा ओला वाळा,
आणि कुणाचा तरी लग्नाचा कॉल लागत नाहीये."
ऋतुराजनं ते वहीत उतरवून घेतलं.
त्याच्या यादीत नव्हतं म्हणे.

मग सागरेश्वर.
देवळाच्या ओवरीत भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा डबा सांडलेला,
आणि डोंगर चढताना गुडघे बोलू लागले,
प्रत्येकीचे आपापल्या भाषेत.
वळणावर चितळांचा कळप थबकला, कान फिरवले,
अगदी आम्ही फिरवायचो तसे,
लाइनवर कुणी न बोलता थांबलं की.

माथ्यावरून खाली कृष्णा,
बोर्डावरून निसटून पडलेल्या कॉर्डसारखी.
उसाचे हिरवे, बागांचे राखाडी चौकोन.
रोझमेरी, दीड ग्लासाची रोझमेरी, कठड्याला टेकून ओरडली,
हॅलो तासगाव! तासगाव, बोला!
मागून कुणीतरी, विटा एंगेज.
कराड, धरून ठेवा.
कवठ्याची लाइन आजही खराब, आम्ही एकदमच म्हणालो
आणि हसता हसता खाली बसलो.

खैरुन मुजावर हसली नाही.
ती तर द्राक्षाचा साधा रस प्यालेली.
"विट्याची एक बाई होती," म्हणाली,
"नवरा कोइमतूरला, गलाई कामाला.
दर शनिवारी कॉल.
दोघं काही बोलायची नाहीत गं.
ही रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरायची
आणि तिकडून तो नुसता ऐकायचा.
अकरा मिनिटं, बारा मिनिटं.
तिकिटावर मी तीन लिहायची."

वारा होता. कुणाची तरी ओढणी फडफडत होती.
माईणकरबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला.
त्या आमच्या सुपरवायझर.
एका मिनिटाच्या हिशोबावरून लोकांना रडवलेल्या.
"तिकिटं मी तपासायची, खैरुन.
तुझा तीनचा आकडा
शनिवारी जरा हलायचा."

पुढं त्या काही बोलल्या नाहीत.
कुणीच विचारलं नाही.

उतरताना ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला.
आवडाक्काची चप्पल सापडेना, सापडली, तुटलेली निघाली.
परतीला सीटखाली बाटल्या किणकिणत होत्या,
रोझमेरी घोरत होती, मिरजेच्या चर्चमधल्या आल्टोच्या सुरात.
एक बाटली विजयमालाची.
घरी काय सांगशील, मी विचारलं.
ती खिडकीतून बाहेर बघत होती.
बागांवर अंधार उतरलेला,
घडांवरच्या बातम्या आता वाचता येत नव्हत्या.
"एकोणीस पन्नास," पुढच्या सीटवरून आवाज आला.
"एप्रिल येऊ दे," विजयमाला म्हणाली,
"मग बघू."